वाळूत रुतलेला रणगाडा: पहिला वाळवंटी डायोरामा घरी कसा करायचा

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला डायोरामा ही कल्पना नवी नसते. दिवाळीत अंगणात किल्ला केलेला असतो, गणपतीत तालमींचे देखावे बघत रात्र जागवलेली असते. डायोरामा हा त्याच जातीचा, फक्त टेबलावर मावणारा देखावा. एक क्षण, एक जागा आणि तिथं नुकतंच काय घडलं याची खूण.

माझा पहिला वाळवंटी डायोरामा मी आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त सुभेदारकाकांना दाखवायला नेला. त्यांची बरीच नोकरी राजस्थानात गाड्या चालवण्यात गेली होती. त्यांनी तो खिडकीशी नेला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "रणगाडा झ्याक झालाय. पण रुतलाय म्हणतोस, तर खड्डा कुठाय? रुतायच्या आधी गाडी सोताच खड्डा खणतीया." मी रणगाडा वाळूवर नुसता ठेवला होता. ३६ टनांची वस्तू रांगोळीवर ठेवलेल्या पाटासारखी दिसत होती. तेव्हापासून माझ्या कामाचा क्रम बदलला. आधी वाळूचं वागणं समजून घ्यायचं, मग बाकीचं. हा लेखही त्याच क्रमानं जातो.

कोणता क्षण निवडायचा

पहिल्या कामासाठी मी लोंगेवाला सुचवेन. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानी रणगाडे जैसलमेर जिल्ह्यातल्या या चौकीवर चालून आले. चौकीत २३ पंजाब बटालियनची 'ए' कंपनी होती, नेतृत्व मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांचं. त्यांना पुढे महावीरचक्र मिळालं. कंपनीनं रात्रभर चौकी लढवली. हवाई दलाच्या हंटर विमानांना रात्री हल्ला करता येत नव्हता. ५ तारखेला उजाडताच ती जैसलमेरहून उडाली आणि उघड्या वाळूत अडकलेल्या रणगाड्यांवर तुटून पडली. त्या सकाळी वरून घेतलेली छायाचित्रं जरूर पाहा. विमानांना चुकवायला रणगाडे गोल गोल फिरले, त्यांच्या चाकांवरच्या साखळी पट्ट्यांच्या खुणा वाळूवर उमटल्या आहेत. सगळी लढाई त्या वळणांमध्ये वाचता येते.

आपण त्यातलं एकच वळण घेणार आहोत. एक टी-५९ रणगाडा मऊ वाळूत रुतलाय, झाकण उघडं आहे, माणसं सोडून गेलीत. विमान करायचा मोह टाळा. हंटरच्या पंखांचा पल्ला १०.२६ मीटर, म्हणजे १/३५ मापात (मूळ वस्तूच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या) २९ सेंटिमीटर. एवढ्यात आपली अख्खी फळी झाकली जाईल. सैनिकांच्या मूर्तीही पहिल्या कामात नकोत. पाच सेंटिमीटर उंचीच्या माणसाचा चेहरा रंगवणं हे वेगळं कसब आहे, आणि एक चेहरा बिघडला की नजर तिथंच अडकते.

किट आणि माप

किट म्हणजे जोडायच्या प्लास्टिकच्या सुट्या भागांचा संच. १/७२ मापाचं किट स्वस्त आणि लहान असतं, पण वाळूचं काम हात बसवून शिकायचं तर १/३५ घ्या. टी-५९ म्हणजे सोव्हिएत टी-५४ए चा चिनी अवतार. ट्रम्पेटर आणि मिनीआर्ट या कंपन्यांची टी-५९ ची किटं १/३५ मध्ये आहेत. तामियाचं टी-५५ जोडायला सोपं आहे, पण टी-५४ आणि टी-५९ च्या बुरुजाच्या छतावर पुढे उजवीकडे हवा खेळवण्यासाठी एक घुमटी असते, ती टी-५५ वर नसते. तामियाचं किट वापरलं तर छायाचित्र बघून ती एम-सीलची करून बसवा.

एक हिशेब कायम डोक्यात ठेवा. १/३५ मध्ये एक मिलिमीटर म्हणजे साडेतीन सेंटिमीटर. वाळूचा एक मिलिमीटरचा कण तुमच्या डायोरामात लिंबाएवढा दगड होतो. पहिल्या कामातली वाळू खडीसारखी दिसते ती या एका चुकीनं.

वाळू कुठली

पंचगंगेची वाळू घेऊ नका. ती आपल्या काळ्या पाषाणातून आलेली, करडी आणि जाड. रंगवली तरी तिचे काळे कण मधूनच डोकं वर काढतात. पन्हाळ्याकडची तांबडी मातीही नको, थर वाळवंटाची वाळू फिकट पिवळसर-तपकिरी असते.

आपल्या गावात यावर फार चांगली सोय आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फौंड्रीत साचे करायला सिलिका वाळू लागते. ती फिकट, बारीक आणि एकसारख्या कणांची असते. ओळखीत कुणी फौंड्रीत असेल तर किलोभर कोरी वाळू मागा. वापरलेली आणू नका, तिच्यात बेंटोनाइट माती आणि कोळशाची भुकटी मिसळलेली असते, हात लावला तरी काळे होतात. कोरी वाळू मैद्याच्या चाळणीतून चाळा. जी खाली पडेल तीच पृष्ठभागावर वापरायची, वर उरलेली लगद्यात घालायची. चाळताना मास्क लावाच आणि काम गच्चीवर करा. सिलिकाची धूळ फुफ्फुसात गेली की बाहेर येत नाही, फौंड्रीत राबलेल्या माणसांना हे विचारावं लागत नाही.

फळी आणि उतार

३५ × २८ सेंटिमीटरची १२ मिलिमीटर जाडीची प्लायवूडची फळी कापून आणा. तोफ पुढे धरून टी-५९ ची लांबी सुमारे नऊ मीटर, म्हणजे मापात पंचवीस-सव्वीस सेंटिमीटर. इतक्या फळीवर रणगाडा बसून थोडी मोकळी वाळू उरते. ती हवीच, कारण खुणा तिच्यावरच उमटणार आहेत. फळीच्या सगळ्या बाजूंना आधी ऑइल पेंटचा एक हात द्या, नाहीतर ओल्या लगद्यानं ती पापडासारखी वाकेल. रणगाडा कडांना समांतर ठेवू नका, मध्यावरही नको. मागच्या डाव्या कोपऱ्यातून आत येऊन, वळून, उजवीकडे थांबलेला असा बसवून बघा आणि पेन्सिलीनं त्याची रेघ मारून ठेवा.

उंचवट्यांसाठी टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला पॅकिंगचा थर्मोकोल चालतो. तो फेविकॉलनं चिकटवा, हॅक्सॉच्या पात्यानं कापा. त्याच्यावर स्प्रेचा डबा कधीही मारू नका. मी एकदा घाईत कडेवर प्रायमर मारला आणि दोन आठवड्यांचा उतार डोळ्यांसमोर विरघळून खाली बसला.

आता टेकडीचा आकार. वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूचा चढ लांब आणि सौम्य असतो, साधारण दहा-पंधरा अंशांचा. दहा सेंटिमीटर पुढे जाताना दोन सेंटिमीटर वर चढला की झालं. पलीकडची बाजू घसरणीची. कोरडी वाळू सुमारे ३४ अंशांपेक्षा उभी राहूच शकत नाही, म्हणजे दहा सेंटिमीटरला फार तर पावणेसात सेंटिमीटर उंची. खात्री करायची असेल तर ताटलीत कोरडा रवा वरून सोडून त्याचा ढीग बघा. बांधकामावरचा वाळूचा ढीग बघून आकार काढू नका, ती वाळू ओली असते म्हणून उभी राहते. आपल्या फळीवर अख्खी टेकडी मावणार नाही. एका कोपऱ्यात तिची फक्त पायथ्याची घसरण आली तरी वाळवंट पुढे पसरलंय असं वाटतं.

वाऱ्याची दिशा आत्ताच ठरवा आणि फळीच्या खाली बाण काढून ठेवा. लाटा, झुडपामागचे ढिगारे, टेकडीचा उतार, सगळं त्या एका बाणाला धरून व्हायचं आहे.

लगदा

सुरुवातीला मी कुंभार गल्लीतून आणलेली शाडू वापरली. मूर्तीला ती उत्तम, पण फळीवर पातळ थरात वाळताना आकसते आणि तळ्याच्या गाळासारख्या भेगा पडतात. वाळवंटात अशा भेगा वाळूला पडत नाहीत. आता मी हे मिश्रण करतो: दोन वाट्या भिजवून पिळलेला वर्तमानपत्राचा लगदा, एक वाटी भिंतीची पुट्टी, अर्धी वाटी फेविकॉल, अर्धी वाटी जाड उरलेली वाळू आणि डेटॉलचे चार-पाच थेंब. डेटॉल बुरशीसाठी. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कागदाचा लगदा वाळायच्या आत त्याला काळे ठिपके येतात. पुट्टीनं हात उलतात, हातमोजे घाला. थालीपिठाच्या पिठाइतकं घट्ट झालं की पुरे.

हा थर चार-पाच मिलिमीटरचा द्या. रणगाडा ज्या वाटेनं आला आणि जिथं थांबलाय तिथं मात्र आठ-दहा मिलिमीटर.

रुतवणं

या एका कामाला संध्याकाळ मोकळी ठेवा, फोन बाजूला ठेवा.

रणगाडा तोवर जोडलेला हवा, रंगवलेला नको. त्याच्या पोटाला आणि पट्ट्यांना जेवण झाकायची पातळ प्लास्टिक फिल्म घट्ट गुंडाळा. लगदा पसरून अर्धा तास झाला की पेन्सिलीच्या रेघेवर रणगाडा ठेवा आणि दोन्ही हातांनी सावकाश दाबा. मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त. टी-५९ चं एक चाक ८१ सेंटिमीटर व्यासाचं, मापात २३ मिलिमीटर. मागची दोन चाकं निम्म्यापर्यंत आत गेली पाहिजेत. म्हणून तर तिथं थर जाड दिला, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर खालचा थर्मोकोल आधीच कोरून घ्या.

दाबल्यावर लगदा बाजूंनी वर येतो. तो सारखा करू नका. काका म्हणत होते तो खड्डा आणि त्याच्या कडेचा ढीग हाच. पट्टा जागेवर फिरतो तेव्हा तो वाळू मागे फेकतो, त्यामुळं मागे दोन ढीग जमतात आणि पुढे पोटाखाली वाळू टेकते. वळताना बाहेरच्या बाजूला वाळूची कड चढते, आतल्या बाजूला कमी. चमच्याच्या दांड्यानं हे ढीग नीट आकाराला आणा. ते वरून गोल आणि सैल दिसावेत, त्यांचा उतारही त्या ३४ अंशांच्या आतच.

मग रणगाडा उचला आणि मागच्या खुणा करा. पट्टा ५८० मिलिमीटर रुंद, आपल्याकडे साडेसोळा मिलिमीटर. किटमधले उरलेले पट्ट्याचे दुवे आइस्क्रीमच्या काडीला चिकटवून शिक्का तयार करा आणि वळणावर एकापुढे एक उमटवा. इथंच बहुतेकांची चूक होते. प्रत्येक दुवा नाण्यावरच्या छापासारखा स्वच्छ उमटला की त्यांना समाधान वाटतं. तसा छाप ओल्या मातीत पडतो, आपल्या ऊसपट्ट्यात ट्रॅक्टर गेल्यावर दिसतो तसा. कोरडी वाळू कडा धरत नाही. उमटवून झाल्यावर मऊ कोरडा ब्रश हलकेच फिरवा, कडा ढासळू द्या, काही दुवे अर्धे पुसून टाका. रणगाड्याच्या अगदी मागच्या चार-पाच सेंटिमीटरमध्ये तर छाप दिसायलाच नको. तिथं पट्टे जागेवर फिरले, सगळं उकरलेलं असतं.

आता लाटा. वाऱ्यानं वाळूवर पडणाऱ्या लाटा खऱ्या जगात साधारण सात ते पंधरा सेंटिमीटर अंतरावर असतात, मापात दोन ते चार मिलिमीटर. कंगवा ओढून केलेल्या लाटा शेतातल्या सऱ्यांसारख्या दिसतात. लाटा बाणाच्या आडव्या पडतात, पण सरळ नसतात. मध्येच एका लाटेच्या दोन होतात, दोन लाटा मिळून एक होते. बोथट काडीनं एकेक लाट हातानं ओढा. कंटाळवाणं आहे, पण तळहाताएवढ्या जागेत झाल्या तरी पुरेत. पट्ट्यांच्या खुणा जिथून जातात तिथं लाटा तुटलेल्या हव्यात, कारण लाटा आधीच्या आहेत आणि रणगाडा नंतरचा.

त्यानंतर पावलं. उघड्या झाकणातून उतरलेला माणूस गेला कुठं, हे पावलांनी सांगायचं. बूट मापात आठ मिलिमीटर, एका पावलापासून दुसरं पाऊल दोन सेंटिमीटरवर. पळणाऱ्याची पावलं त्याहून लांब पडतात आणि टाचेपेक्षा चवडा खोल जातो. वाळू मऊ असल्यामुळं पाऊल बुटाच्या आकाराचं दिसत नाही, लांबट खळगा दिसतो. गोल टोकाच्या काडीनं तिरकं दाबून ओढा. तीन-चार माणसांची पावलं एकमेकांत मिसळून फळीच्या कडेला संपू द्या.

थंडीच्या दिवसांत हे सगळं दोन दिवसांत वाळतं. पावसाळ्यात पाच दिवस धरा आणि पंख्याखाली ठेवा, उन्हात नको.

वाळू चिकटवणं आणि रंग

एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. हे मऊ ब्रशनं लावा आणि चहाच्या गाळणीतून चाळलेली वाळू वरून सोडा. थर पातळ ठेवा, नाहीतर केलेल्या लाटा बुजतील. वाळल्यावर फळी उभी करून खालून टिचकी मारा, सुटी वाळू पडून जाईल.

फेविकॉलनं वाळू गडद होते, म्हणून ती रंगवायला लागते. कॅमलिनचे अॅक्रिलिक पुरतात. रॉ सिएना, पांढरा आणि चिमूटभर बर्न्ट अंबर मिसळून मधली छटा करा आणि पातळ करून सगळीकडे द्या. वाळल्यावर त्यात आणखी पांढरा घालून ब्रश जवळजवळ कोरडा करून फक्त उंचवट्यांवरून फिरवा. उकरलेल्या जागी उलट करा, थोडी गडद छटा, कारण आतली वाळू वरच्यापेक्षा गडद दिसते. ताज्या खुणा या एका फरकानं ताज्या वाटतात.

रणगाडा

जोडणीबद्दल थोडक्यातच सांगतो. सुटे भाग फ्रेममध्ये असतानाच साबणाच्या पाण्यानं धुवा, साच्याचा तेलकटपणा जातो. प्लास्टिक सिमेंटच (प्लास्टिक जोडायचा गोंद) वापरा, फेवीक्विकनं भोवती पांढरी वाफ धरते. बारीक भागांसाठी गुजरीच्या बाजूला सोनारकामाची हत्यारं मिळतात, तिथला टोकदार चिमटा घ्या. ऑटोमोबाइलच्या दुकानातला करडा सरफेसर प्रायमर म्हणून चालतो, गच्चीवर, मास्क लावून, दोन पातळ हात. पावसाच्या दिवशी मारू नका, रंगावर पांढुरकी झाक येते. मूळ रंगासाठी स्मारकांतले रणगाडे पाहू नका, त्यांच्यावर नंतरचे रंग चढलेले असतात. १९७१ च्या छायाचित्रांवर विसंबा आणि जो रंग ठरेल त्यात थोडा पांढरा घाला. लहान वस्तूवर गडद रंग अधिकच गडद दिसतो.

गंजाबद्दल मात्र आग्रहानं सांगतो. आपण कोल्हापूरचा पाऊस पाहिलेली माणसं, लोखंड म्हटलं की आपला हात तांबड्या रंगाकडे जातो. थरच्या कोरड्या हवेत चालत्या रणगाड्याला तसा गंज चढत नाही. वाळू पट्ट्यांना घासते आणि जमिनीला लागणारे भाग भांड्यासारखे चकचकीत करते. पट्टे गडद करड्या-तपकिरी रंगात रंगवा आणि उठावाच्या भागांवर मऊ पेन्सिलीचं शिसं बोटानं चोळा. त्या चमकेनं प्लास्टिकचं लोखंड होतं.

शेवटी धूळ. जमीन रंगवताना ठरलेल्या छटेच्या जवळची पेस्टल खडूची कांडी पात्यानं खरवडून पूड करा. चाकांवर, पट्ट्यांवरच्या पत्र्यांवर, मागच्या भागावर जास्त, बुरुजावर कमी. कोपऱ्यांत धूळ साठते, माणसांचे हातपाय लागतात तिथं पुसली जाते, म्हणून उघड्या झाकणाच्या कडेला आणि चढायच्या जागी मूळ रंग दिसू द्या. जमीन आणि रणगाडा एकाच धुळीनं माखले की दोन्ही एकाच जागचे वाटू लागतात.

रणगाडा आपल्या खड्ड्यात परत बसवा. फिल्म काढल्यामुळं केसभर फट राहते. तिथं फेविकॉलचं पाणी ड्रॉपरनं सोडून वर वाळू भुरभुरा, चाकांच्या मधल्या जागेतही.

एक-दोन झुडपं

थरचं वाळवंट उजाड नाही. तिथं खेजडी असते, म्हणजे आपल्या दसऱ्याची शमी. शिवाय खीप, रुई, सेवण गवत. झाड नको, मोठं होईल. सेवणाचे दोन झुबके पुरेत. काथ्याचे धागे तीनेक सेंटिमीटर कापून बुडाशी फेविकॉलनं बांधा, वाळल्यावर कात्रीनं टोकं वरखाली करा, वाळक्या पिवळ्या रंगात बुडवा. झुबक्याच्या मागे, वाऱ्याच्या आडोशाला, वाळूचा निमुळता ढीग हवा. फळीखालचा बाण पाहूनच तो करा. एक झुबका पट्ट्याखाली चिरडलेला दाखवा.

झाकण

काचेचं किंवा अॅक्रिलिकचं झाकण पहिल्या दिवसापासून हवं. पेस्टलच्या धुळीवर घरची धूळ बसली की ती वेगळी काढता येत नाही, आणि पुसायला गेलात तर दोन्ही जातात. आत कोपऱ्यात, टेकडीच्या मागे, सिलिका जेलच्या दोन पुड्या लपवा आणि जूनच्या आत बदला. माझ्या दुसऱ्या डायोरामाला पाचवा पावसाळा आहे, लगदा कुठं उचललेला नाही. काका मधेमधे येऊन बघतात. गेल्या वेळी झाकणावर बोट टेकवून त्यांनी पावलांची ओळ कडेपर्यंत नेली आणि विचारलं, "ह्यो चौथा का मागं ऱ्हायला?" मोजून पाहिलं, तर खरंच, एका माणसाची पावलं जवळजवळ पडली होती.